सृष्टीचे कागद कुठे गेले?

शुभांगी शिरसाट रडत आली नव्हती, पण रडून आली होती, एवढं संस्कृती साळवेला दारातच कळलं.

"कामावरून काढलं तरी चालेल, मॅडम," खुर्चीत टेकत ती म्हणाली. "पण मी एका लेकराचे कागद लपवले असं म्हणतात. ते सोसवत नाही."

नगरच्या सावेडीत संस्कृतीची खासगी तपासाची छोटीशी कचेरी होती. मदतीला होता रविराज सातपुते. त्याला गुन्हेगार नेहमी जेवणाआधीच सापडायचा आणि जेवणानंतर बदलायचा.

शुभांगीची हकीकत साधी होती. पाथर्डीची एक संस्था गरिबांच्या मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत करून द्यायची. मुलांचे तपासणीचे कागद संस्थेच्या एकाच मेलवर यायचे आणि तिथूनच पुण्याच्या रुग्णालयात जायचे. मेलचा पासवर्डही एकच. पाहणारे तिघं: संस्थाप्रमुख डॉक्टर पालवे, सचिन दहिफळे आणि शुभांगी.

लंकाबाई ही पाथर्डीचीच, सध्या कोल्हापूरकडे ऊसतोडीला गेलेली. संक्रांतीनंतर तिच्या सृष्टीला धाप लागायला लागली, तपासणीत हृदयाला छिद्र निघालं. लंकाबाई फोनवर शपथेवर सांगत होती की कागद पाठवले, पुन्हा पाठवले. इथे मात्र काहीच नव्हतं.

"आणि शस्त्रक्रियेच्या यादीत सृष्टीच्या मागे कोण आहे?" संस्कृतीने विचारलं.

शुभांगीने मान खाली घातली. "समर्थ. माझ्या बहिणीचा मुलगा."

रविराजने संस्कृतीकडे सूचक नजरेने पाहिलं. तिने त्या नजरेकडे साफ दुर्लक्ष केलं.

"यादी कधी जाते?"

"आज संध्याकाळी. सृष्टीचे कागद नसले तर तिच्या जागी आमचा समर्थ. लोक मला जन्मभर काय म्हणतील, सांगा."

दुपारी तिघं पाथर्डीला पोचली. डॉक्टर पालवे वाईट माणूस नव्हते. रात्रंदिवस लोकांच्या पोरांची काळजी करून त्यांचा चेहरा ओढलेला होता. शुभांगीला पाहून त्यांनी नजर चुकवली.

"मला तरी आनंद होतोय का?" ते म्हणाले. "सकाळी मेल तीच आधी उघडते. म्हणून परवा तिला घरी बसवलं, पासवर्ड बदलला आणि लंकाबाईला पुन्हा पाठवायला सांगितलं."

"मग आले कागद?"

"नाही. आता पोरीची आईच गोंधळलीय की काय, कळत नाही. तिच्या फोनला रेंज नसते."

"मेल तुम्ही मोबाईलवर बघता?"

"हो. मध्ये तर वैताग आला होता. पहाटेपासून टिंग टिंग. दिवाळीनंतर माझ्या मोबाईलपुरता बंदोबस्त केला, तेव्हा कुठे झोप लागायला लागली."

सचिन शेजारच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी होता. त्यातलं थोडंफार त्यालाच कळायचं, त्यामुळे रविराजचा संशय एव्हाना त्याच्यावर सरकला होता.

"मी कशाला काढून टाकू कागद?" सचिन चिडला. "पाथर्डीतलं कुणीबी सांगंल, मी कसा हाय ते. औंदा दिवसच वाईट चाललेत. आधी कसं, कॉम्प्युटर चालू केला की पहिलं कानिफनाथाचं दर्शन व्हायचं."

"ते कसं?"

"आमचे रामभाऊ बडे, ऊसतोडीचे मुकादम. रोज सकाळी मेलवर फोटो आणि 'शुभ सकाळ'. ओळखीच्या झाडून सगळ्यांना. दिवाळीपासून बंद झालं. टोळी घेऊन गेले, कामात असतील."

संस्कृतीने पर्समधले भाजलेले शेंगदाणे काढले. हे शेंगदाणे निघाले की रविराज बोलायचं थांबवायचा.

"लंकाबाईला फोन लावा," ती म्हणाली. "लागेपर्यंत लावत राहा."

बऱ्याच खटपटीनंतर फोन लागला. शुभांगीने तो स्पीकरवर ठेवला.

"ताई, पाठवलं की वो!" लंकाबाईचा आवाज कातर झाला होता. "परवा डाक्टरनी सांगितलं, तवा परत पाठवलं. आता काय करू मी?"

"याच फोनवरून पाठवले?" संस्कृतीने विचारलं.

"न्हाई वो, ह्यो बटनाचा डबडा हाय. मुकादमाच्या मोबाईलवरनं. आक्ख्या टोळीत तेवढा एकच मोठा फोन. ज्याला त्याला कागद पाठवायचं तर त्यांच्याकडंच जातो आमी."

"रामभाऊ बडे?"

"व्हय. हितंच हायती."

रामभाऊ उत्साहाने फोनवर आले. संस्कृतीने त्यांना विचारलं, "तुमचं सकाळचं दर्शन हल्ली बंद झालंय म्हणे?"

"कोन म्हनतंय? एक दिस चुकलो न्हाई! आज सकाळीबी समद्यांना टाकलं."

सचिनने चमकून वर पाहिलं.

"रामभाऊ, आता तोच फोटो संस्थेच्या मेलवर पाठवा. आणि रविराज, तुझाही पत्ता दे त्यांना."

सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. संस्कृतीने प्रत्येकाला हात मागे घ्यायला लावले. "टाकला," रामभाऊ म्हणाले. रविराजच्या मोबाईलवर कानिफनाथ लगेच अवतरले. संस्थेच्या मेलवर काहीच आलं नाही.

"कुणी पुसलं?" संस्कृतीने विचारलं. "शुभांगी दारापाशी उभी आहे, तिच्याकडे पासवर्ड नाही. बाकी सगळ्यांचे हात मला दिसताहेत."

"भूत!" रविराज पुटपुटला.

"नियम," संस्कृती म्हणाली. "अमक्याकडून आलेलं अमुक ठिकाणी टाक, असं मेलला एकदा सांगून ठेवता येतं. मग माणूस घरी बसवला, पासवर्ड बदलला, तरी ते काम चालूच राहतं. इथे हरवतात ते फक्त सृष्टीचे कागद नव्हेत, रामभाऊंच्या मोबाईलवरून येणारं सगळंच हरवतं. ते रोज फोटो पाठवतात, आणि इथे दिवाळीपासून एकही दिसला नाही. म्हणजे नियम दिवाळीचा. सृष्टीचा आजार कळला संक्रांतीनंतर. तिचं नुकसान करायला हे कुणी केलेलंच नाही."

"पण केलं कुणी?" रविराज.

"सचिनने नाही, त्याला तर दर्शन चुकल्याचं वाईट वाटतंय. शुभांगी मेल बघते ते इथे, दिवसा. पहाटेच्या टिंग टिंगचा त्रास कुणाला होता?"

डॉक्टर पालव्यांनी चष्मा काढला.

"मी फक्त माझ्या मोबाईलपुरतं..." ते अडखळले. "या पत्त्यावरून येणारं कचरापेटीत टाक, असं लिहिलं होतं."

"मोबाईल तुमचा होता, डॉक्टर. मेल सगळ्यांची. तुम्ही बोट ठेवलंत आणि तिघांचंही दार बंद झालं."

सचिनने कचरापेटी उघडली. ती महिन्याभराने आपोआप रिकामी व्हायची, म्हणून तिकडे कुणी फिरकत नसे. कानिफनाथांच्या रांगेत, 'शुभ सकाळ'च्या गर्दीत, सृष्टीचे कागद दडून बसले होते.

डॉक्टरांनी तो नियम काढून टाकला आणि स्वतः खुर्चीवरून उठले. "शुभांगी, बस. मी फार वाईट बोललो तुला."

शुभांगी बसली. सृष्टीचे कागद पुण्याला पाठवायचे म्हणजे समर्थला पुढच्या यादीपर्यंत थांबवायचं, हे तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत होतं? रविराजलाही ते कळलं. सकाळच्या आपल्या नजरेची त्याला मनापासून लाज वाटली.

तिने एकदा डोळे पुसले, कागद जोडले आणि पाठवून दिले.

फोन अजून चालूच होता. "ताई, सापडलं का वो?" लंकाबाई विचारत होती. "कुठं हुतं?"

शुभांगीने डॉक्टरांकडे पाहिलं. "आमच्याकडेच होते, लंकाबाई."

डॉक्टरांनी फोन हातात घेतला. "लंकाबाई, मी पालवे बोलतोय. शुभांगीची काही चूक नाही. चूक माझी होती. माझ्यामुळे तुमचे कागद..."

"ते ऱ्हाऊ द्या, डाक्टर," पलीकडून लंकाबाई म्हणाली. "पोरीला कवा आणू, तेवढं सांगा."