कड कोणाची घेता?

"ताई, ही पायऱ्यांसाठी चालेल का हो?"

टाइलच्या दुकानात मागून आवाज आला आणि तिनं मान वळवली. हातात क्रीम रंगाची, लखलखीत टाइल तान्ह्या बाळासारखी धरून एक उंच, सडपातळ माणूस उभा होता. नाकावर चष्मा, चेहऱ्यावर साफ गोंधळ.

"मी दुकानातली नाही," ती म्हणाली.

"अरे... माफ करा."

तो निघाला. दोन पावलं गेला. तिला राहवेना.

"आणि ती भिंतीची टाइल आहे. पायाखाली घातलीत तर महिन्याभरात तिचे तुकडे होतील. आणि मग तुमचे."

तो थांबला. हसला. हसताना त्याचा चष्मा किंचित वर जायचा, हे तिनं उगाचच पाहिलं.

"म्हणजे दुकानातली नसूनही तुम्हाला कळतं."

"फरशा बसवते मी. बारा वर्षं झाली."

ऐकणारा इथे हमखास दचकतो, मग तिच्या हातांकडे बघतो. बाजारात सगळे तिला मिस्त्रीण म्हणत. काही जण कौतुकानं, बरेचसे तोंड वाकडं करून. तिनं दोन्ही सारख्याच थंडपणे ऐकायचं ठरवून टाकलं होतं. हा मात्र दचकला नाही. त्यानं चष्मा काढला, फळीवरचा जिन्याच्या टाइलचा तुकडा उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि त्याच्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला.

मिस्त्रीण बघतच राहिली. गिऱ्हाईक टाइलचा चेहरा बघतं. रंग, चमक, फुलं. कडेला हात लावणारा माणूस तिला बारा वर्षांत पहिल्यांदा भेटत होता.

"ही गोल आहे," तो म्हणाला. "पण घासणाऱ्यानं घाई केलीय. इथे... इथे बोट अडतं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीही दिवसभर कडाच घासतो. काचांच्या. चष्म्याचं दुकान आहे माझं." मग जरा थांबून, "जिना वडिलांसाठी करायचाय. त्यांच्या नजरेत मधोमध धूसर ठिपका आलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं नाही. माझ्या चष्म्याचा त्याला उपयोग नाही."

चष्मेवाल्यानं हे सांगताना आवाज हलका ठेवला होता. पण तुकडा पालथा घालून तो पुन्हा पुन्हा पुसत राहिला, तेव्हा तिला समजायचं ते समजलं.

"उद्या सकाळी येते मापं घ्यायला," ती म्हणाली. त्यानं अजून विचारलंही नव्हतं.

* * *

घर दुमजली होतं. खाली आबा, म्हणजे चष्मेवाल्याचे वडील, आणि तो स्वतः. वर त्याचा थोरला भाऊ आणि वहिनी. मध्ये चौदा पायऱ्या.

आबा जन्मभर छापखान्यात खिळे जुळवत आले होते. ती आत आली तसे ते तिच्या पावलांचा आवाज ऐकून म्हणाले, "कामाच्या बुटांत आहे कोणीतरी. या, या."

मिस्त्रिणीनं टेप काढलाच नाही. ती वर गेली, डोळे मिटले आणि कठड्याला हात न लावता उतरू लागली. एक, दोन, तीन, चार... पाचव्या पायरीला पाऊल हवेत राहिलं. जमीन जिथे असायला हवी तिथे नव्हतीच. तोल गेला, आणि कोपराखाली एक हात घट्ट आला.

डोळे उघडले तर चष्मेवाला एक पायरी खाली उभा. चेहरे एका उंचीवर. इतके जवळ, की त्याच्या चष्म्याच्या काचेत तिला स्वतःचं घाबरलेलं तोंड दिसलं.

"सोडा आता," ती म्हणाली.

"हो." त्यानं सोडलं नाही. मग एकदम सोडलं.

तिनं टेप लावला. पाचवी पायरी बाकीच्यांपेक्षा जवळजवळ इंचभर उंच होती. बांधणाऱ्याची चूक. डोळसांनी चाळीस वर्षं सवयीनं झाकली होती.

"आबा, तुम्ही पडलात ते कुठे?"

"वरून चारपाच पायऱ्यांवर. दोन्ही वेळेला."

"पायरीच उंच आहे. तुमची काही चूक नाही."

आबा खदखदा हसले. "म्हणजे मी म्हातारा झालोच नाही! ऐकलंस का रे? पायरी उंच आहे!"

हसता हसता त्यांनी डोळे पुसले. चष्मेवाला भिंतीकडे बघत राहिला.

तेवढ्यात वरून दादा उतरला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, फोनमध्ये एका आलिशान हॉटेलच्या जिन्याचा फोटो. "हे असं हवंय. पांढरं शुभ्र, आरशासारखं. आणि कडेला तो पंचेचाळीसचा कट. दोन टाइल तिरक्या कापून अशा जोडायच्या, की सांधा दिसता कामा नये."

"भिंतीच्या कोपऱ्याला देते ना तो कट, हवा तेवढा," मिस्त्रीण म्हणाली. "तिथे कोणी पाय ठेवत नाही. पायरीवर ती धार आधी झिजते, मग टवका उडतो, आणि टवका उडाला की तिची सुरी होते. पायाखाली खरबरीत टाइल घ्या. पायरीला पुढे गोल नाक, त्यावर दोन खाचा आणि गडद रंगाची पट्टी. आबांना प्रत्येक पायरी कुठे संपते ते दिसलं पाहिजे. आणि आधी खालच्या पायऱ्या थोड्या थोड्या उचलून तो इंच वाटून टाकायचा."

"काळी पट्टी?" दादानं नाक मुरडलं. "हे काय दवाखाना आहे?"

"नाही. आणि इथून कोणाला दवाखान्यात जावं लागू नये म्हणूनच सांगतेय."

"हे बघा बाई, घरात चार मोठी माणसं येतात-जातात. मला शोभा हवीय. तुम्हाला जमत नसेल तर दुसरा मिस्त्री बघतो."

तिनं चष्मेवाल्याकडे पाहिलं. आत्ता बोलेल. आत्ता.

तो खाली फरशीकडे बघत होता. "बघू... म्हणजे... दादा म्हणतो तेही..."

आणि तो चष्मा काढून पुसायला लागला.

मिस्त्रिणीनं पाणसळ पिशवीत टाकली, टेप गुंडाळला. दारात थांबली.

"कडा तुम्हाला छान ओळखता येतात हो," ती त्याला म्हणाली. "कोणाची कड घेता येत नाही."

* * *

त्यानंतरचे पाच दिवस ती एका शाळेच्या स्वच्छतागृहात भिंती करत होती. कोपऱ्यांना धातूची पट्टी लावायची, म्हणजे पोरांची डोकी आपटली तरी टाइलचा टवका उडत नाही. ती पट्टी अशी ठोकत होती, की जणू त्या पट्टीनंच काही गुन्हा केला होता.

एका संध्याकाळी तिचे बाबा काम बघायला आले. त्यांनीच तिला शिकवलं होतं. गुडघे गेले तसं त्यांनी सिमेंट लावायची करणी तिच्या हातात दिली, तेव्हा अख्खा बाजार हसला होता आणि बाबांनी अख्ख्या बाजाराला पाठ दाखवली होती. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"चिडलीयस कोणावर तरी. कोपरे फार सुरेख आलेत."

"कोणावर नाही."

"उंच आहे का बुटका?"

"बाबा!"

"बरं बरं, राहिलं."

पाचव्या दिवशी दुपारी चष्मेवाला शाळेच्या दारात उभा. दाढी वाढलेली, बोटांना काळा चिकट डाग.

"मला सॉरी नकोय," तिनं वर न बघताच सांगितलं.

"ते म्हणायला नाही आलो. सांगायला आलोय." त्यानं श्वास घेतला. "तुम्ही गेलात त्या दिवशी मी काळी चिकटपट्टी आणली. चौदाही पायऱ्यांच्या कडेला लावली. दादानं काढली. मी परत लावली. त्यानं परत काढली. तिसऱ्यांदा लावताना तो म्हणाला, तुला त्या बाईनं फितवलंय. मी म्हटलं, हो."

तिच्या हातातली करणी थांबली.

"चौथ्यांदा लावली तेव्हा आबा आले. म्हणाले, मधूनमधून मला पायऱ्या दिसतात आणि मधूनच दिसेनाशा होतात, हे काय चाललंय घरात? दादाला तोंड वर करता येईना. मग आबाच म्हणाले, हे घर अजून माझं आहे, जिना मिस्त्रीण म्हणेल तसा होईल." तो थांबला. "दादा माझ्याशी बोलत नाही. वाईट वाटतंय. पण त्या दिवशी गप्प बसल्याचं जेवढं वाटलं, तेवढं नाही."

ती उठली. गुडघे झटकले.

"सोमवारी येते. सकाळी आठला. माझ्या कामात कोणी बोट घालायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"मी फक्त चहा देईन."

"साखर कमी."

* * *

नऊ दिवस काम चाललं. खालच्या पायऱ्या सूतभर, दोन सूत उचलत तिनं तो इंच असा वाटून टाकला, की पावलाला पत्ता लागू नये. प्रत्येक टाइलची कड तिनं स्वतः गोल घासली, आधी जाड दगडानं, मग बारीक, मग ओल्या कागदानं. संध्याकाळी दुकानातून येऊन चष्मेवाला अंगठा फिरवायचा.

"इथे अडतंय," तो एकदा म्हणाला.

"शक्यच नाही."

"बघा ना."

तिनं अंगठा ठेवला. त्याचा अंगठा तिथेच होता. कड लोण्यासारखी होती. काहीच अडत नव्हतं.

"खोटं बोललात."

"हो," तो म्हणाला. आणि कान लाल करून चहा आणायला पळाला.

एके दिवशी त्यानं पकडलं, की पाणसळीतला बुडबुडा बघताना ती डोळे बारीक करते. "तुम्हाला नंबर लागलाय."

"मला? काहीतरीच!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती त्याच्या दुकानात, उंच खुर्चीवर, नाकावर ती अवजड चौकट घेऊन बसली होती. तो काचा बदलत होता. टक्... टक्...

"ही बरी की ही?"

"ही."

"आता? समोर बघा. अक्षरांकडे."

"अक्षरांकडेच बघतेय."

"अक्षरं तिकडे भिंतीवर आहेत," तो हळूच म्हणाला. "मी इथे आहे."

"मग मध्ये कशाला उभे राहता?" ती फणकारली. पण पुढची चारही अक्षरं तिनं चुकीची वाचली.

दोन दिवसांनी त्यानं तिला एक डबी दिली. टाइल कापताना घालायचा जाड, बंदिस्त चष्मा, तिच्या नंबरचा. कड इतकी निगुतीनं घासलेली, की तो घातल्याचं गालाला कळत नव्हतं. तिनं तो घातला आणि जिन्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. जिना होता तसाच सुबक होता. तो मात्र आधी वाटला होता त्याहून बरा निघाला.

* * *

शेवटच्या दिवशी सांधे भरायचे होते. ती वरून सुरुवात करून एकेक पायरी खाली येत होती. सांध्यात ग्राउट दाबायचं, स्पंजनं पुसायचं, पुढची पायरी. चौदाही पायऱ्या ओल्या. उद्यापर्यंत कोणी पाय ठेवायचा नाही, असं तिनं बजावून ठेवलं होतं. दादा आणि वहिनी वर, आबा खाली खुर्चीत, चष्मेवाला स्पंजची बादली धरून.

वरच्या मजल्यावरून आवाज आला. दादा वहिनीला सांगत होता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "जिना झाला, ठीक आहे. पण याचा नूर बघतेयस ना? उद्या हा फरशी बसवणारीला सून म्हणून घरात आणेल. लोकांना काय सांगायचं?"

आबांनी मान वर केली. चष्मेवाल्यानं बादली खाली ठेवली आणि तोंड उघडलं.

"थांबा," मिस्त्रीण म्हणाली. "आधी मी."

ती शेवटच्या पायरीपाशी गुडघ्यांवर बसली होती. दोन्ही हात कोपरापर्यंत राखाडी. ग्राउट वाळत चाललं होतं, सोडून उठायची सोय नव्हती. तिनं हात चालू ठेवला.

"दादा, लोकांना सांगा की ती फरशा बसवते. चांगल्या बसवते. लग्नानंतरही बसवणार आहे, आणि रोज संध्याकाळी अशीच माखून घरी येणार आहे. ज्याला लाज वाटेल त्यानं तोंड फिरवावं, कोपरे-कंगोरे नीट करायचं माझं काम त्यावाचून अडणार नाही." मग ती चष्मेवाल्याकडे वळली आणि इतका वेळ खणखणीत असलेला तिचा आवाज एकदम बारीक झाला. "हे सगळं मी बोलून बसले... तुम्ही तर अजून मला काही विचारलंच नाहीत."

"विचारायला सवड कुठे दिलीत?"

"मग मीच विचारते. मला तुम्ही आवडता. त्या दुकानात चष्मा काढलात ना, तेव्हापासून. मध्ये पाच दिवस अजिबात आवडत नव्हतात. आता पुन्हा आवडता. लग्न कराल?"

आबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. हसू दाबायला.

चष्मेवाल्यानं मान वर केली. "दादा, ऐकतोयस ना? मी हो म्हणतोय. तुझी परवानगी मागत नाही. तुझे आशीर्वाद मिळाले तर मला फार आवडेल. नाही मिळाले तरी लग्न होईल." आणि तिच्याकडे वळून, अगदी हळू, "हो. करू या. तू म्हणशील तेव्हा."

तू... तिच्या हातातला स्पंज पहिल्यांदाच थांबला.

वर दादा जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. खाली यायला पाऊल उचललं, आणि ओल्या पायरीकडे बघून तसंच अधांतरी ठेवलं.

"आता आम्ही खाली यायचं तरी कसं?" तो ओरडला.

"उद्या या, दादा," ती म्हणाली. "सावकाश. रात्रभर विचार करायला वेळ आहे."

वहिनी फिसकन हसली. दादानं तिच्याकडे रागानं पाहिलं, मग पाऊल मागे घेतलं आणि मुकाट्यानं वरच्याच पायरीमागे, जमिनीवर बसकण मारली. निघून मात्र गेला नाही.

चष्मेवाल्यानं बाह्या वर केल्या, बादलीतून दुसरा स्पंज उचलला आणि जमिनीवर गुडघे टेकले.

"कुठून पुसू?"

तिनं जरा सरकून जागा केली.

"इथून," ती म्हणाली. "माझ्या शेजारून. आणि दाबून नको पुसूस, सांधा निघून येईल."