सावरायच्या आत

माणसाला साठीत काय काय सुचतं बघा! कुणी पेटी शिकायला बसतो, कुणी गच्चीवर वांगी लावतो. नाहूरच्या दत्ताराम परबांनी कॅमेरा हातात घेतला. म्हणजे घेऊन दिला निलेशने, त्यांच्या मुलाने, रिटायर झाल्याची भेट म्हणून. पण एका कारखान्याचं स्टोअर पस्तीस वर्षं सांभाळलेल्या या सरळ माणसाला त्या काळ्या डबड्याने पार खुळं करून टाकलं. सकाळी चिमण्या, दुपारी मांजरं, संध्याकाळी समोरच्या टॉवरमागे बुडणारा सूर्य. त्यांची बायको सुगंधा म्हणायची, "अहो, माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं होतंत का?" परब हसायचे. तेव्हा त्यांना हसू येत होतं.

मुलुंडला ज्येष्ठांचा एक कॅमेरा क्लब होता. दर शनिवारी चहा-बिस्किटं आणि विद्याधर सरांचा क्लास. सर मोठे कडक. टेबलावर बोट आपटून सांगायचे, "समोरचं माणूस सावरून बसलं की फोटो मेला. ते सावरायच्या आत बटण दाबायचं. आत!" परबांनी वहीत हे वाक्य लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पुढे जे झालं ते त्या दोन रेघांमुळे झालं, असं ते मनाशी म्हणतात. पण ते तसं नाही, हे त्यांनाही पक्कं ठाऊक आहे.

संक्रांत होऊन चार दिवस झाले होते. सुगंधाने तिळाच्या लाडवांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "कुंदाकाकीला देऊन या. वाट बघत असेल."

कुंदाकाकी म्हणजे भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीतली त्यांची जुनी शेजारीण. परबांची आई हॉस्पिटलात आयाच्या ड्युटीला जायची, तेव्हा या पोराला भरवलं, न्हाऊमाखू घातलं ते काकीने. खुर्चीवर उभं करून, भिंतीवरच्या आरशात बघून भांग पाडून द्यायची ती. आता चाळ बिल्डरकडे गेली होती. दोन सोडून बाकीच्या खोल्यांना कुलपं लागली होती. काकीची मुलगी उत्तरा मालाडला राहायची आणि दर रविवारी 'चल ना गं आई' म्हणून रडकुंडीला यायची. काकी काही हलत नव्हती.

परब पोचले तेव्हा काकी नुकतीच न्हाली होती. दारात पाट टाकून केस वाळवत बसली होती. शिकेकाईचा वास सगळ्या वाटेवर पसरला होता. पदर मांडीवर पडलेला, पोलक्याची शिवण खांद्यावर उसवलेली, कवळी बाजूला वाटीत, आणि पत्र्याच्या भोकातून उतरलेलं ऊन नेमकं त्या पांढऱ्या केसांवर. परबांच्या अंगावर काटा आला. असं ऊन पुन्हा मिळणार नव्हतं. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला.

काकीला मोतीबिंदू. तरी तिला कळलं. "कोण? दत्तू? थांब रे मेल्या, माका पदर घेवक दी..."

तिचा हात पदराकडे निघाला आणि परबांनी बटण दाबलं. टक्.

"काढलंस? असो?" काकी एवढीशी झाली. चटकन वळली, आत गेली. कवळी घातली, केस बांधले, धुवट लुगडं नेसून डोक्यावर पदर घेतला आणि आरशाखालच्या खुर्चीवर ताठ बसली. "आता काढ. बरो काढ हां. मी गेल्यार उत्तराक फोटो सोधूची पाळी येव नये. ह्योच भितीर लाव म्हणान सांगतंय मी तिका."

परबांनी कॅमेरा बघितला. कार्ड भरलं होतं. सकाळच्या दोनशे चिमण्या. एक उडवली असती तरी जागा झाली असती. दोन बटणांचं काम हो! पण आता काकी सावरून बसली होती, आधार कार्डासारखी. आणि हवा होता तो फोटो त्यांच्याकडे आला होता. लेन्सवर झाकण त्यांनी केव्हाच लावून टाकलं होतं. तसाच, झाकण लावलेला कॅमेरा त्यांनी डोळ्याला लावला आणि टाळूला जीभ लावून आवाज काढला. टक्.

"काढला, काकी."

"बरो इलो?"

"एकदम झकास."

काकीला काय दिसणार? तिने विश्वास ठेवला. लाडू हातात घेतला आणि म्हातारी पोरीसारखी हसली.

मग दर खेपेला विचारायची, "दत्तू, फोटो इलो काय रे?" आणि हे म्हणायचे, लॅबवाल्याकडे आहे, फ्रेमला टाकलाय, काच यायची आहे. शेवटी परबांनी त्या वाटेने जाणंच सोडलं. इकडे दारातला तो पहिला फोटो क्लबच्या स्पर्धेत गेला आणि पहिला आला. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. काकीला न विचारता दिला, असं मनात यायचं. पण ती कुठे मुलुंडला येणार आहे बघायला, म्हणून परब गप्प बसले.

मार्चमध्ये काकी गेली, झोपेतच. तिसऱ्या दिवशी उत्तराचा फोन आला.

"दत्तादादा, आईने बजावून ठेवलं होतं. डोक्यावर पदर घेतलेला फोटो तुम्ही काढलाय म्हणाली, तोच लावायचा. पाठवता ना?"

खरं सांगायचं तर तोंड कुठे लपवायचं? "अगं... कार्ड करप्ट झालं, उत्तरा. उडाला तो."

मग ती म्हणाली, "असू दे. नशीब तिचं." शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर बारीक चौकोन. परब दहाव्याला गेले ते त्या फोटोकडे न बघताच परत आले. शेण खाल्लं होतं आणि ते गिळताही येत नव्हतं.

त्याच दुपारी घरात एकटे असताना त्यांनी कॉम्प्युटर लावला. प्रदर्शनासाठी फोटो लॅबला पाठवायचा होता. हो, पाठवायचाच होता. मागे घ्यावा असं दोनदा मनात आलं, पण कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून झालं होतं... नाव! आयुष्यात पहिल्यांदा.

फोटो उघडला. ऊन, पांढरे केस, उसवलेलं पोलकं. आणि हात. हात मांडीवर होता ना? शंभर वेळा बघितलेला फोटो. मांडीवर, बोटं नुकती पदराकडे निघालेली. आता तो हात छातीशी होता आणि बोटांत पदराचं टोक होतं.

परबांनी चष्मा पुसला. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. आणि पाठीमागच्या खोलीतून, जिथे कुणी नव्हतं तिथून, हळूच आवाज आला. टक्.

कॅमेऱ्याचा नव्हता तो. जिभेचा होता.

वय झालं, डोळे दगा देतात, असं म्हणत त्यांनी डोळे मिटूनच फोटो पाठवला. दोन दिवसांनी लॅबमधून मोठी फ्रेम आणली. रिक्षात कागदाचा कोपरा जरा उचलून पाहिला. पदर खांद्यावर आला होता. रिक्षात शिकेकाईचा वास येत होता, ओल्या केसांचा. परबांनी कागद घट्ट दाबला आणि घरी न नेता फ्रेम थेट क्लबच्या हॉलवर टाकून आले.

तेरावं झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी चारला प्रदर्शन. पहिल्या बक्षिसाच्या फोटोवर पिवळं कापड टाकलं होतं. पाहुणे येऊन ते ओढणार होते. परब नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. इतक्यात दारातून सुगंधा आली आणि तिच्या पाठोपाठ... उत्तरा.

"म्हटलं चल, जरा मन रमेल," सुगंधा बसता बसता म्हणाली. "तुमचं कौतुक बघेल."

त्या कापडाखाली काय आहे ते सुगंधाला ठाऊक नव्हतं. सगळ्यांसमोर, पहिल्या बक्षिसाच्या चिठ्ठीसकट, उत्तराला आपली आई दिसणार होती. उघडी पडलेली, बोळकी, 'थांब' म्हणत असलेली. उठावं, ओरडावं, फ्रेम उचलून पळावं. पण पाहुणे बोलत होते, आणि परबांच्या मांडीवरचे हात काही हलले नाहीत.

कापड ओढलं गेलं. परबांनी डोळे मिटले.

"आई!"

उत्तराची हाक होती ती. परबांनी डोळे उघडले.

फ्रेममध्ये काकी खुर्चीवर ताठ बसली होती. डोक्यावर पदर, तोंडात कवळी, धुवट लुगड्याच्या घड्या दिसत होत्या. सरळ समोर बघत होती. मागे भिंतीवर तो आरसा.

विद्याधर सर कानाशी आले. "परब, हा कुठला? बक्षीस दिलं तो फोटो कुठे आहे?"

"हाच... हाच तो, सर."

"वेड्यात काढताय?" सर रागाने बाजूला झाले. पण उत्तरा पुढे आली होती आणि सगळ्यांदेखत तिने परबांचे पाय धरले. "दादा, उडाला म्हणालात... आणि एवढा मोठा करून ठेवलात? आईची तेवढीच इच्छा होती हो."

अजूनही सांगता आलं असतं. काय बिघडलं असतं? परब म्हणाले, "तुला... सरप्राइज द्यायचं होतं गं." असं बोलले आणि मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सगळे पेढ्यांकडे वळले तेव्हा सुगंधा चष्मा लावून फोटोजवळ उभी होती. नाक काचेला टेकेल इतकी जवळ. तिने परबांना खुणेने बोलावलं.

"अहो... त्या आरशात तुम्ही ना?"

आरशात परब होते. लहानसे, पण स्पष्ट. डोळ्याला कॅमेरा लावून उभे.

"लेन्सवर झाकण आहे," सुगंधा अगदी हळू म्हणाली. "झाकण लावलेलं आहे हो... मग हा काढला कुणी?"

परबांनी मान खाली घातली. त्यांच्या मानेकडे बघून तिला काय कळायचं ते कळलं. चाळीस वर्षांच्या संसारात असं तिने त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. ती उत्तराला काही बोलली नाही. घरी आल्यावर परबांनी कॉम्प्युटरमध्ये शोधलं, तर दारातला फोटो नव्हता. त्याच्या जागी हाच होता.

फ्रेम उत्तराने मालाडला नेली. चंदनाचा हार घालून दिवाणखान्यात लावली. परबांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला आणि किल्ली सुगंधाकडे दिली. क्लबमधून फोन आला तर ती 'घरी नाहीत' म्हणून सांगते.

काकीच्या महिन्याच्या श्राद्धाला बोलावणं आलं. न जाऊन चालणार होतं का? उत्तराने मानाने त्यांचं पान फोटोसमोर मांडलं. "दादा, इथेच बसा. तुमच्यामुळे आई घरात आहे." भर दुपार होती, घरात माणसं होती, आत भजी तळली जात होती. परब मान खाली घालून जेवत होते. पण समोर भिंत आणि भिंतीवर ती... किती वेळ टाळणार?

त्यांनी वर बघितलं.

काकी तशीच होती, सावरून बसलेली. बदल झाला होता तो आरशात. तिथल्या परबांच्या डोळ्यावर कॅमेरा राहिला नव्हता. तो खाली आला होता, झाकणासकट. आणि तोंड दिसत होतं. ओठ जरा उघडे, जीभ टाळूला लागलेली, डोळ्यांत म्हातारीला गंडवल्याची ती बारीकशी चलाखी. सगळं लख्ख. घरात येणारं जाणारं प्रत्येक माणूस त्या भिंतीला नमस्कार करत होतं.

परबांचा उष्टा हात आपोआप स्वतःच्या तोंडाकडे गेला, ते झाकायला.

"काकी..." ते पुटपुटले. "थांब गो... माका जरा सावरूक दी..."

त्या पुटपुटण्याने शेजारच्या पानावरच्या माणसाने चमकून बघितलं. त्यानंतरचा आवाज मात्र त्याला ऐकू आला नाही.

परबांना आला. अगदी कानापाशी, शिकेकाईच्या वासासकट.

टक्.