श्वास कुठं घेतेस?

गायनवृंदाच्या रविवारच्या तालमीला मी उशिरा पोचले, तेव्हा बायकांच्या रांगेत टोकाची एकच जागा उरली होती, पुरुषांना लागून. शेजारी एक अनोळखी उंच तरुण कागदावर पेन्सिलीनं खुणा करत होता. मी ओले हातमोजे काढतच होते, तर तो म्हणाला,

"श्वास कुठं घेतेस?"

"नाकातून."

"कुठल्या शब्दावर, ते विचारतोय. आपल्या दोघांचा सूर एकच आहे. दोघं एकाच वेळी थांबलो तर गाण्यात भोक पडेल."

हा तार्मो. ईस्टरपर्यंतच गाणार होता. मग बोटीनं फिनलंडला, जहाजांच्या कारखान्यात.

आम्ही सगळे मिळून चौदा जण, शिकवायला हेल्गीबाई. रचना आमच्याच देशातल्या माणसाची, माझ्या आईच्या वयाची. वाद्य एकही नाही. वरचे आवाज एकेक पायरी चढतात, थबकतात, उतरतात... आणि खाली एकच सूर, शेवटच्या "आम्हाला शांती दे"पर्यंत न तुटता. तो आम्हा दोघांकडे होता. एवढी छाती कुणाचीच नसते. म्हणून एकानं गायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं गुपचूप श्वास घ्यायचा.

दोन सूर जवळजवळ सारखे असले की त्यांच्यात थरथर ऐकू येते; तंतोतंत जुळले की ती थांबते. जानेवारीत मी मोजली होती, सेकंदाला तीन. मार्चमध्ये एकही नाही.

मधल्या सुट्टीत तो काळ्या पावाचा अर्धा तुकडा पुढे करायचा. "खा. उपाशी बाई सूर खाली ओढते."

"आणि पोटभर जेवलेला पुरुष?"

"तो हेल्गीबाईंच्या शिव्या खातो."

जाऊ नकोस — एवढंच म्हणायचं होतं. दर रविवारी मी ते पुढच्या रविवारवर ढकलायचे.

गुड फ्रायडेला कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी त्याची बोट. चर्चमध्ये लोक कोट घालूनच बसले होते. शेवटच्या पानावर श्वास घ्यायची माझी पाळी आली. मी श्वास घेतला... आणि तार्मो थांबला. क्षणभर वरचे सगळे आवाज अधांतरी राहिले. मग आम्ही दोघंही घाईघाईनं सुरावर परतलो.

"कुणी सांगितलं थांबायला?" नंतर हेल्गीबाईंनी गाठलंच.

"माझी चूक, बाई."

"नाही बाई, माझी," मीही म्हटलं.

"चूकसुद्धा वाटून खाता?" त्या पाठ फिरवून गेल्या.

बाहेर पायऱ्यांवर बर्फाचं पाणी ठिबकत होतं.

"का थांबलास?"

तो बुटाकडे बघत म्हणाला, "तीन महिने तुझ्या शेजारी उभा आहे. तू श्वास घेतेस तेव्हा मला गावंच लागतं... माझाच आवाज आड येतो. एकदा तरी तुझा श्वास ऐकायचा होता, जाण्याआधी."

"मग? ऐकलास?"

"कुठला! छाती इतकी धडधडत होती..."

बस यायला सात मिनिटं होती. मी एक पायरी वर चढले, माझा चेहरा त्याच्या कानाशी आणला, आणि सावकाश श्वास घेतला.