पांढऱ्या काठाचं पान

मिसाओने शेवटचा कोंब तोंडात टाकला आणि दारात एक चिखलाने माखलेला तरुण उभा राहिला.

"माफ करा... देवदारांखालच्या वाफ्यातलं गिबोशी कुणी खुडलं, पाहिलंत का?"

घास तिच्या गालातच राहिला. वसंतात गिबोशीच्या, त्या रुंद पानांच्या रोपाचे, कोंब खुडावेत, उकडावेत, सोयाबीनचा खारट मिसो लावून खावेत, ही तर त्या डोंगराची रीतच. पण तो वाफा रानातला नव्हता. दारातल्या या तेत्सुरोने तो अकरा वर्षं जोपासला होता, आणि तेही अशा दाट सावलीत, की भर दुपारी घुबडं तिथे गप्पा मारायला जमत.

"पांढऱ्या काठाचं पान," तो रिकाम्या ताटलीकडे बघत म्हणाला. "जगात एकच होतं."

"चव... चांगली होती," ती पुटपुटली.

"मग एक तरी ठेवायचा ना माझ्यासाठी."

तो हसला, पण डोळे ओले होते. जूनमध्ये तोक्योला प्रदर्शन होतं. ते पान पसंत पडलं, तर तिथला एक रोपवाटिकावाला त्याला कामावर घेणार होता.

"कंद शाबूत आहे. फुटलं तर फुटलं."

दुसऱ्या दिवसापासून मिसाओ पहाटेच वाफ्यावर हजर. गोगलगायी वेचायच्या, माती चाचपायची... घरी आलं की पुन्हा पाय तिकडेच.

"इतकं टक लावून बघू नकोस," तो म्हणायचा. "लाजून आत जाईल."

"तुमच्यासारखं?"

"मी कुठे आत जातोय? मी तर तोक्योला चाललोय."

त्या बोलण्याने तिची झोप उडाली. चौदाव्या दिवशी कोंब आला, विसाव्या दिवशी पान उलगडलं. काठ दुधासारखा पांढरा, पहिल्यापेक्षाही रुंद. तेत्सुरो नाचला. मिसाओ हसली, आणि घरी जाऊन तीनदा तेच भांडं घासत बसली.

जाण्याच्या दिवशी ऊन कडक होतं. त्याच्या दोन्ही हातांत कुंडी, वर मिसाओने धरलेली छत्री. बस आली. तो चढला, कुंडीवर सावली राहावी म्हणून तीही एक पायरी चढली.

"एक सांगू?" ती म्हणाली. "आधी रोज म्हणायचे, फूट बाबा. मग म्हणायला लागले... फुटू नकोस."

तेत्सुरोने कुंडी छातीशी धरली.

"मीही गोगलगायींना तेच सांगत होतो," तो हळूच म्हणाला. "खा म्हणून. पण तू एकही शिल्लक ठेवली नाहीस."

"ए पोरी," ड्रायव्हर वैतागला, "एक पाय आत, एक बाहेर. चढतेयस की उतरतेयस?"

तिने खाली पाहिलं. पायात चिखलाचे बूट, कमरेला एप्रन, घरी चुलीवर भात.

"खिडकीतून ऊन येईल," तेत्सुरो म्हणाला. "सहा तास... कुणीतरी छत्री धरायला हवी."

"सहाच तास?"

"नाही," तो म्हणाला. "तेवढ्यात काय होतंय."

मिसाओने दुसरा पाय आत घेतला.

"दार लावा, काका."