आजोबांनी लावलेलं माप

आजोबांच्या शोकसभेत इमारतीच्या सोसायटीचे अध्यक्ष वीस मिनिटं बोलले. असा माणूस पुन्हा होणे नाही, त्यांचं काम अजरामर आहे, वगैरे वगैरे. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तेच अध्यक्ष नातीच्या दारात हजर. आजोबांच्या खोलीची किल्ली हवी होती त्यांना. सोसायटीचं कार्यालय तिथे हलवायचं घाटत होतं.

“किल्ली मिळणार नाही,” नात म्हणाली.

खोली तळमजल्यावरची. आत चौदा जोड कुबड्या, नऊ वॉकर, चाकांच्या चार खुर्च्या. कुणाचा पाय मोडो, कुणाचं अंग लुळं पडो, माणूस आजोबांकडे यायचा आणि लागेल ती वस्तू लागेल तितके दिवस फुकट घेऊन जायचा. एकतीस वर्षं हे चाललं होतं. आजोबांनी कधी कुणाची उंची विचारली नाही. माणूस फाटकातून दारापर्यंत येईतो त्याच्याकडे नुसतं बघायचे, कुबडीचं बटण दाबून नळी सरकवायचे, आणि टक् वाजलं की माप बरोबर असायचंच. नात नकाशे काढायच्या कचेरीत कामाला. मिलिमीटरशिवाय बोलायची नाही. म्हणून ते तिला फूटपट्टी म्हणत. तिचा त्यांच्यावर फार जीव होता.

“तुला काय कळतं गं त्यातलं?” अध्यक्ष म्हणाले. “चुकीच्या मापाची कुबडी दिलीस आणि कुणी पडलं, म्हणजे?”

“महिनाभर चालवून दाखवते. एक जरी माणूस पडला, तर किल्ली मी स्वतः आणून देईन.”

त्या संध्याकाळी तिने सगळ्या कुबड्या पुसल्या, नळ्या होतील तितक्या आखूड केल्या आणि भिंतीला ओळीने टेकवल्या. सकाळी कुलूप उघडलं, तर एक जोड दाराशी होता. नळ्या पाच भोकं बाहेर. आपणच विसरलो असू, असं म्हणून तिने तो विषय सोडला. तेवढ्यात पाय मुरगळलेला पोस्टमन लंगडत आला. तिने टेप काढून काखेपासून जमिनीपर्यंत मोजलं. पाचच भोकं निघाली.

तिसऱ्या दिवशी वॉकर. आठव्या दिवशी पुन्हा कुबड्या. दर वेळी त्याच मापाचं माणूस त्याच दिवशी दारात यायचं. तिने कुलूप बदललं, दाराच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली. पट्टी फाटली नाही. आतला एक वॉकर मात्र दाराशी आला. नातीला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा राग जास्त आला. परीक्षा तिची होती. गेलेल्या माणसाने तिला कॉपी पुरवायचं काय कारण?

“आजोबा, माझं मी बघीन,” तिने रिकाम्या खोलीला सुनावलं.

त्याच दुपारी शिंपीणबाई आल्या. तयार असलेला वॉकर नातीने टेपच्या हिशेबाने एक भोक खाली घेतला. तिसऱ्याच पावलाला बाईंचा तोल गेला. नातीने धरलं म्हणून निभावलं. बाई कळ आल्यामुळे वाकून उभ्या होत्या आणि तिने तीच त्यांची उंची धरली होती. त्यानंतर तिने तयार मापाला हात लावला नाही.

तिसाव्या दिवशी सकाळी खोलीच्या मधोमध चाकांची खुर्ची होती. पाय ठेवायच्या पट्ट्या बऱ्याच वर घेतलेल्या. अध्यक्ष अकराला यायचे होते. ही त्यांचीच, असं तिच्या मनात आलं, आणि खोटं कशाला बोला, तिला जरा बरंही वाटलं.

अध्यक्ष ताडमाड उंच. खुर्ची बघून थट्टेने तिच्यात बसले. गुडघे छातीशी आले.

“ही काही माझी नाही बुवा,” ते हसत उठले. “पैज तू जिंकलीस. पण एक सांग, उद्या तुलाच काही झालं तर खोली कोण चालवणार?”

“मीच.”

ते मान हलवत निघून गेले.

दोन वाजेपर्यंत कुणी आलं नाही. चारपर्यंतही नाही.

नातीने टेप काढली. पट्टीपासून बैठकीपर्यंत मोजलं. मग स्वतःचा पाय मोजला, टाचेपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत.

मिलिमीटरचाही फरक नव्हता.

तिने टेप गुंडाळून ठेवली. ती खुर्चीत बसली. तळवे पट्ट्यांवर अलगद टेकले.

“बरं,” ती मोठ्याने म्हणाली. “मग बसून चालवीन. किल्ली मात्र कुणाच्या बापाला मिळणार नाही.”

खोलीत काहीही हललं नाही. तिने कुलूप लावलं आणि घरी गेली.

सकाळी आली तेव्हा खुर्ची होती तिथेच होती. आजोबा ज्या टेबलाशी उभ्याने काम करायचे, त्याचे चारही पाय वीतभर कापले होते. खाली लाकडाचा ताजा भुसा पडला होता.

तिने दिवा लावायला भिंतीकडे हात नेला. बटण जागेवर नव्हतं.

ते खाली आलं होतं. ती अजून दोन पायांवर उभी होती, म्हणून ते दाबायला तिला वाकावं लागलं.