ठोक्यावरचा आवाज

"अजून एक! हाण पोरी, हाण!"

नातीच्या वाढदिवसाला जमलेली भरली बैठक एकदम चिडीचूप झाली... कारण ओरडली होती ती या घरची मुकी सासू!

स्वतःचाच आवाज ऐकून तिने पदर तोंडावर दाबला. मुकी कसली! ती ठोके गल्लीतली; तिथे दिवसभर तांब्याच्या भांड्यांवर हातोडे पडायचे आणि त्यांच्या वर आवाज चढवल्याशिवाय कुणाचं कुणाला ऐकू येत नसे. तिथलं माणूस दोन शब्द बोललं, की जग ओळखायचं आणि नाक मुरडायचं. गल्लीही काही कमी नव्हती! 'पोरानं आपली माणसं टाकली, त्याच्याकडे गेलीस तर परत येऊ नकोस,' असं तिला बजावलं होतं. तरी ती आली. बड्या घरात लग्न जमवताना मुलाने हात जोडले होते, "आई, तू फक्त बोलू नकोस गं!" तिने हळू बोलून पाहिलं, जमेना... मग लेकाच्या सुखासाठी तिने जीभच गिळली!

पण आज नातीने चमचा उचलून पालथ्या पातेल्यावर ठोका धरला... दोन हलके, एक जड, पुन्हा दोन हलके... अगदी गल्लीतला! रोज दुपारी थोपटताना आजीच्या बोटांनीच तो तिला दिला होता. कसा आवरावा तो आनंद!

मुलगा पांढराफटक पडला. त्याचे सासरे ताडकन उठले. "हा आवाज तर ठोके गल्लीतला!"

"त्याचा दोष नाही हो!" ती कळवळून पुढे झाली. "तो माझा नाहीच! उचलून आणून वाढवला मी त्याला... तो तुमच्यातलाच आहे!"

"आई, पुरे!" मुलाला हुंदका फुटला. "ही माझी जन्मदाती आहे. मी त्याच गल्लीतला... आणि हिला मुकं मी केलं!"

सासरे पाय आपटत निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. सून मात्र नवऱ्याकडे वळली.

"गल्लीचं मला काही नाही रे. पण बाळंतपणात या माझ्या उशाशी बसून नुसत्या रडल्या... एक शब्दसुद्धा तू त्यांना बोलू दिला नाहीस?" मग तिने सासूचे हात धरले. "आई, तुमच्या नातीला मनातल्या मनात काय म्हणायचात?"

"चिमणी..." तिचे ओठ नुसते हलले.

"ऐकू नाही आलं!" सून रडता रडता हसली.

"चिमणेऽऽ!"

तावदानं थरथरली, पाहुणे दचकले. नात मात्र जराही दचकली नाही. तिने आजीकडे बघत चमचा उचलला आणि पुढचा ठोका दिला.