लोकरी जर्सीचं माप

मी बहरीनमध्ये, अदलियातल्या एका छोट्या ऑफिसात पॅटर्न मास्टर आहे. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या व्यावसायिक बेसबॉल संघांचे गणवेश आम्ही हुबेहूब पुन्हा शिवतो. तेव्हा पाठीवर नंबर नसायचा. कापड जाड लोकरी, पुढे बुटासारखी नाडी. जुने फोटो मिळतात, पण फोटोवरून बगलेचा काप कळत नाही. त्याला खरा कपडा हातात घ्यावा लागतो. तसा एक कपडा जवळच्याच सनद गावातल्या एका घरात आहे असं कळलं, तेव्हा मी किती खूश झाले होते...

घर लाईबा खालांचं. त्या मूळच्या कराचीच्या, वय साठीच्या पुढे. त्यांचे पती झैद यांना खेळाडूंचे जुने कपडे जमवायचा नाद होता. दोन वर्षांपूर्वी ते वारले. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी सुजीतने, माझ्या नवऱ्याने, मला तिथे सोडलं.

"अक्षता, तासाभरात आटप गं," म्हणाला आणि एसी लावून गाडीतच बसला.

खालांनी मला मागच्या खोलीपर्यंत नेलं. स्वतः उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"बेटी, एक ही बार नापना," त्या हळूच म्हणाल्या.

मला वाटलं, जुनं कापड आहे, विरेल म्हणून सांगताहेत.

खोलीत पडदे ओढलेले. टेबलावर पांढऱ्या चादरीवर ती जर्सी पसरून ठेवलेली. उंदरी रंगाची, कोपरांवर विरलेली. डांबरगोळ्यांचा वास येईल असं वाटलं होतं. आला तो ओल्या गवताचा. बाहेर पंचेचाळीस डिग्री, धुळीने आभाळ पिवळं झालेलं, आणि इथे पाऊस पडून गेलेल्या मैदानाचा वास...

मी वही काढली. खांदा, बाही, उंची, एकेक माप लिहीत गेले. छाती बगलेपासून बगलेपर्यंत साडेएकोणीस इंच भरली. लिहिलं. आणि मग हाताच्या सवयीने टेप पुन्हा लावला. कुठलंही माप दोनदा घ्यायचं, हे मी शिकल्यापासून करत आले आहे.

एकवीस.

टेप सरकला असेल, म्हणून मी दोन्ही टोकं अंगठ्यांनी दाबून धरली. एकवीस. मग वीस. मग साडेएकोणीस. आकडे माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या अंगठ्यांखालून सरकत होते. कापड सावकाश वर येत होतं, सावकाश खाली बसत होतं.

एसीचा वारा, मी स्वतःला सांगितलं. उठून एसी बंद केला.

खोली एकदम शांत झाली. आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. कोणीतरी खूप लांबून धावत यावं, थांबावं, आणि तोंड मिटून धाप आवरावी, तसा. टेबलावरून येत होता. नाडी ताणली जात होती, सैल पडत होती. बगलेखाली घामाचा गडद डाग पसरत चालला होता. मी बघत असतानाच...

मी माझा श्वास रोखून धरला. का, ते माहीत नाही. बहुतेक त्याला मी दिसू नये म्हणून.

टेबलावरचा श्वासही थांबला.

वाट बघत असल्यासारखा.

मी वही उचलली आणि धावत सुटले. टेप, पर्सही तिथेच राहिली. खालांनी माझ्या पाठोपाठ दार ओढून घेतलं, कुलूप घातलं.

"कितनी बार नापा?"

"दो... दो बार."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "झैद ने भी दो बार नापा था," त्या म्हणाल्या.

गाडीत बसले तेव्हा दात वाजत होते. सुजीत घाबरला. "काय झालं? अगं, बोल ना काहीतरी!"

"चल... यल्ला, आधी चल इथून."

मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी वही उघडली. मी सात मापं घेतली होती. पानावर बारा होती. सगळी माझ्याच अक्षरात, माझ्याच मराठी आकड्यांत. खालची पाच जर्सीची नव्हती. गळा साडेतेरा. मनगट पावणेसहा. ती माझी मापं होती. कुणालाही न सांगितलेली.

त्याखाली छातीच्या तीन ओळी.

श्वास घेताना, चौतीस.

श्वास सोडल्यावर, साडेबत्तीस.

श्वास थांबल्यावर, एकतीस. आणि या शेवटच्या ओळीपुढे तारीख लिहायला जागा सोडलेली होती.